कॉलेजात असताना उद्योगासाठी ओळखी जोडणं: पहिल्या मेलपासून पुढे

सुरुवात माणसांच्या यादीपासून केली की ओळखी जोडण्याचं काम फसतं. उद्योजकतेत रस असलेला विद्यार्थी बहुधा तशीच सुरुवात करतो. मोठे फाउंडर कोण, गुंतवणूकदार कोण, आपल्या कॉलेजचे कोणते माजी विद्यार्थी नावारूपाला आलेत ते लिहून काढतो आणि एकेकाला लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवत सुटतो. थोड्याच दिवसांत कनेक्शनचा आकडा फुगतो, पण त्यातल्या एकालाही काय विचारायचं ते ठाऊक नसतं. म्हणून आधी कागदावर प्रश्न उतरवावेत. इंटरनेटवर शोधून ज्यांचं उत्तर मिळत नाही आणि मिळालं तर पुढच्या आठवड्यात आपण काहीतरी वेगळं करू, असेच प्रश्न. सुरुवातीला तीन पुरतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन विद्यार्थ्यांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा बनवलाय, असं समजा. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाला घरी व्यायाम करायचे असतात. ते झाले की नाही, गुडघा किती अंशांत वाकला, हे पट्टा मोजतो. ‘आम्हाला हेल्थकेअरमधल्या लोकांशी ओळख हवी’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. याउलट हे तीन प्रश्न बघा. रुग्ण व्यायाम सोडतात ते कधी आणि कशामुळे? व्यायाम झाले की नाही हे आज कोण तपासतं आणि त्या तपासणीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात? असा पट्टा वैद्यकीय उपकरणात मोडतो का? पहिल्याचं उत्तर फिजिओथेरपिस्टकडे आहे. दुसऱ्याचं हॉस्पिटलच्या खरेदी विभागात किंवा विमा कंपनीत, आणि तिसऱ्याचं उपकरणांच्या परवानग्यांचं काम केलेल्या माणसाकडे. प्रश्न नेमके झाले की माणसांची यादी आपोआप तयार होते. तिच्यात आणखी एकाला जरूर घालावं: असंच काहीतरी करून बघून ज्याने ते बंद केलं तो. बंद पडलेल्या कंपनीच्या फाउंडरकडे फारसं कुणी जात नाही, आणि कुठे किती पैसे बुडाले हे त्याच्याइतकं मोकळेपणाने दुसरं कुणी सांगत नाही.

गुंतवणूकदार या यादीत नाहीत, आणि ते जाणूनबुजून. ज्याच्याकडे अजून एकही वापरणारा नाही, त्याला गुंतवणूकदार ‘संपर्कात राहा’ म्हणतो. ते सभ्य भाषेतलं ‘नाही’ असतं. तिथे खर्च केलेली पहिली ओळख पुन्हा वापरता येत नाही.

जवळचे आणि लांबचे

यादीतल्या माणसांपर्यंत पोचायचं कसं, हा पुढचा प्रश्न. इथे विद्यार्थी जवळच्या मित्रांना विचारून थांबतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘दुर्बळ धाग्यां’वर, म्हणजे अधूनमधून भेटणाऱ्यांच्या सैल ओळखींवर, जो निबंध लिहिला, त्याचा इथे थेट उपयोग होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन या गावात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्यांनी विचारलं की ही ओळखीची व्यक्ती त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणारे होते, २७.८ टक्के वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण सरळ आहे. रोज सोबत असणाऱ्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. पुढे २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास आला. त्यात नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडले ते बेताचे दुर्बळ धागे. अगदी घट्ट धाग्यांचा उपयोग सगळ्यात कमी झाला, आणि पार अनोळखी म्हणावेत इतक्या सैल धाग्यांनाही मधल्यांची सर आली नाही. हे अभ्यास नोकऱ्यांचे आहेत, धंद्याचे नाहीत, तरी माहिती कुठून येते हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

कॉलेजातल्या माणसासाठी हे मधले धागे म्हणजे दोन-तीन वर्षं पुढे असलेले सीनियर, लॅबमधले पीएचडी करणारे, एखादाच विषय शिकवून गेलेले व्हिजिटिंग प्राध्यापक, इंटर्नशिपमधला शेजारच्या टेबलावरचा माणूस, दुसऱ्या विभागातल्या मैत्रिणीची मोठी बहीण. लॅब सांभाळणारे तंत्रज्ञ तर हमखास विसरले जातात. कुठल्या कंपनीचा माणूस कोणतं यंत्र दुरुस्त करायला येतो आणि त्याचा फोन नंबर काय, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो. तिथे कोण कुठे राहतं, कुठे काम करतं, काय शिकलं यानुसार चाळणी लावता येते. पट्टावाल्या दोघांनी तिथे ‘वैद्यकीय उपकरणं’ घातलं तर हाती लागणाऱ्या लोकांपैकी बड्या पदावरच्यांना सोडून द्यावं आणि पदवी घेऊन तीन ते आठ वर्षं झालेल्यांना लिहावं. त्यांना कॉलेज अजून आठवतं, काम हाताने करणारे तेच असतात आणि त्यांच्या मेलबॉक्सवर सेक्रेटरी बसलेली नसते.

उद्योजकता क्लबबद्दल एक कडवट पण खरी गोष्ट. क्लबमध्ये जाऊन बहुतेक वेळा आपल्यासारखेच आणखी विद्यार्थी भेटतात. को-फाउंडर शोधायला ते ठीक, पण गुडघ्याच्या रुग्णाबद्दल त्यांच्यापैकी कुणालाच काही सांगता येणार नाही. क्लबमध्ये काम घ्यायचंच असेल तर वक्त्यांना बोलावण्याचं घ्यावं. पोस्टर आणि सजावट दुसऱ्याला द्यावी. बोलावणारा माणूस वक्त्याशी चार-पाच मेलांची देवाणघेवाण करतो, त्याला घ्यायला जातो, सोडायला जातो. सभागृहातल्या बाकीच्यांना त्याच्याशी टाळ्यांपुरताच संबंध येतो.

मेल

अनोळखी माणसाला लिहायची भीड सगळ्यांना असते, आणि ती अवास्तव असते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली हे प्रयोग करून दाखवलं. अनोळखी लोकांकडून छोटी मदत मिळवायला किती जणांना विचारावं लागेल, असा अंदाज लोकांनी आधी बांधला. प्रत्यक्षात जवळपास निम्म्याच लोकांना विचारून काम झालं. स्टीव्ह जॉब्स यांनी बारा वर्षांचे असताना फोनच्या डिरेक्टरीतून ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे सहसंस्थापक बिल ह्यूलेट यांचा नंबर काढून फ्रीक्वेन्सी काउंटरसाठी सुटे भाग मागितले होते, ते त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं. भागही मिळाले आणि उन्हाळ्यात कंपनीत कामही. त्या गोष्टीतलं धाडस सगळे सांगतात, मागणीचा आकार कुणी सांगत नाही. ती छोटी होती, नेमकी होती, आणि समोरच्याला लगेच पुरी करता येण्याजोगी होती.

मेल सहा-सात ओळींचा, शंभर शब्दांच्या आसपास. फोनच्या स्क्रीनवर न सरकवता संपला पाहिजे. नमुना असा:

*विषय: गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे घरचे व्यायाम, एक प्रश्न*

*नमस्कार मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्ण घरी व्यायाम करतात का हे मोजणारा गुडघ्याचा पट्टा आम्ही दोघं बनवतोय. पहिला नमुना चालतो, पण अजून एकाही रुग्णाने वापरलेला नाही. तुमच्या लेखात तुम्ही लिहिलंय की दुखणं कमी झालं की रुग्ण व्यायाम बंद करतात. त्या वेळी ते तुम्हाला काय कारण देतात, एवढंच विचारायचं होतं. मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? ते जमण्यासारखं नसेल तर दोन ओळींचं उत्तरही चालेल.*

यात काय काय आहे ते बघा. विषयाच्या ओळीत ‘मार्गदर्शन हवे’ नाही, प्रश्नाचा विषय आहे. आपण कोण, हे एका वाक्यात उरकलंय. नमुना कुणी वापरलेला नाही हे लपवलेलं नाही, त्यामुळे समोरचा मदत कुठून सुरू करायची ते ठरवू शकतो. त्यांच्याच लेखातली एक गोष्ट आहे, म्हणजे हा मेल आणखी चाळीस जणांना गेलेला नाही हे कळतं. दोन वेळा दिल्यात, आणि सुटायला एक सोपी वाटही ठेवलीय. त्या शेवटच्या वाक्यामुळे बऱ्याच जणांकडून दोन ओळी येतात, आणि दोन ओळी आल्या की पुढचं बोलणं सोपं होतं. समोरचा वेगळ्या देशात असेल तर वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे लिहावी. बेरीज-वजाबाकी त्याच्यावर टाकू नये.

मेल बिघडतो तो काही ठरावीक ठिकाणी. पहिल्याच मेलला वीस पानांचं प्रेझेंटेशन जोडलं, तर ते वाचणं हे काम होतं आणि मेल ‘नंतर बघू’च्या ढिगात जातो. ‘तुम्ही माझे मेन्टॉर व्हाल का?’ असं विचारलं तर समोरच्यापुढे मुदत नसलेली जबाबदारी उभी राहते, म्हणून चांगली माणसंही गप्प बसतात. मेन्टॉर मागून मिळत नाही. चौथ्या-पाचव्या बोलण्यानंतर तो झालेला असतो, नाव कुणी दिलेलं नसतं. गुप्ततेच्या करारावर सही मागणं हा आणखी एक प्रकार. कल्पना ऐकण्याआधी सही करणारा गुंतवणूकदार क्वचितच सापडेल, आणि बाकीच्यांनाही तुमच्या हेतूबद्दल उगाच शंका येते. एकाच ऑफिसातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवणारे विसरतात की ते पाचही जण एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. आणि एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत, तीन परिच्छेदांचा मेल हल्ली लांबून ओळखू येतो. शुद्धलेखन तपासायला ते साधन वापरावं, आवाज मात्र स्वतःचा ठेवावा. थोडा ओबडधोबड असला तरी चालतो.

उत्तर आलं नाही तर सात-आठ दिवसांनी त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहाव्यात. ‘वर आणतोय’ एवढंच न लिहिता काहीतरी नवं घालावं, जसं ‘दरम्यान आम्ही दोन रुग्णांशी बोललो, दोघांनीही कंटाळा हेच कारण दिलं’. त्यानंतर दोन आठवड्यांनी आणखी एकदा. मग थांबावं. तिसरी आठवण पाठवणं चिकाटीत मोडत नाही. आठवड्याला तीन नवे मेल, प्रत्येकाआधी त्या माणसाबद्दल वीस मिनिटं वाचन, आणि एखाद-दुसरं बोलणं, एवढं अभ्यास सांभाळून झेपतं. दहातून दोन-तीन उत्तरं आली तर मेल बरा आहे असं धरून चालावं. दहातून एकही आलं नाही तर माणसं बदलण्याआधी मेल बदलावा.

पंधरा मिनिटं

फोनच्या आदल्या दिवशी एका ओळीची आठवण पाठवावी, दिलेल्या मिनिटाला फोन लावावा आणि पहिल्याच मिनिटात आपली ओळख संपवावी. बाकी वेळ त्यांचा. प्रश्न चार काढून ठेवावेत, विचारले जातील दोनच.

प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून असतं. ‘असा पट्टा असता तर तुम्ही रुग्णांना द्याल का?’ यावर समोरून ‘हो, छान कल्पना आहे, नक्की करा’ येणार. विद्यार्थ्याला नाउमेद करायला कुणालाच आवडत नाही. ते उत्तर वहीत लिहून उपयोग नसतो. भविष्याबद्दल विचारलं की माणूस सौजन्य दाखवतो, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की आठवून सांगतो. म्हणून असं विचारावं: ‘व्यायाम न करता आलेला शेवटचा रुग्ण आठवतोय का? त्याने केले नाहीत हे तुम्हाला कशावरून कळलं?’

मग खरं काहीतरी बाहेर येतं. ‘टेबलावर झोपवलं आणि गुडघा वाकवायला घेतला की हाताला कळतं. मोजायची गरजच पडत नाही.’ पट्टा बनवणाऱ्यासाठी हे वाक्य वाईट बातमी आहे, आणि म्हणूनच मोलाचं. आता उपप्रश्न: ‘मग कळल्यावर तुम्ही काय करता?’ ‘रागावते. दुसरं काय करणार? मधल्या दिवसांत त्याला कुणी फोन करणारं असतं तर फरक पडला असता.’ म्हणजे मोजमापाला इथे गिऱ्हाईक नाही, मधल्या दिवसांत आठवण करून देणारं कुणीतरी हवंय. दोघांचं निम्मं उत्पादन दोन वाक्यांत बदललं. उपप्रश्नांनी आणखी एक होतं, ते विचारणारा समोरच्याला आवडतो. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली गप्पांचे नमुने तपासून हे मांडलं होतं. मात्र उपप्रश्न उत्तर ऐकून सुचलेला हवा. पुढचा प्रश्न वाचायची घाई झाली की तो सुचत नाही.

चौदाव्या मिनिटाला आपणच म्हणावं, ‘तुमची पंधरा मिनिटं होत आली.’ बरेच जण ‘अजून पाच मिनिटं आहेत’ म्हणतात, आणि ती पाच मिनिटं सगळ्यात कामाची असतात. नसतील तर ठेवून द्यावं, शब्द पाळल्याची नोंद झालेली असते. ठेवण्याआधी एकच मागणी: ‘हे आणखी कुणाशी बोललं तर कळेल, असं तुम्हाला वाटतं?’ समोरच्याने नाव सांगितलं तर ‘तुमचं नाव घेऊन लिहू का, की तुम्ही आधी त्यांना विचाराल?’ हेही तिथेच विचारून घ्यावं.

फोन ठेवल्यावर लगेच, जास्तीत जास्त तासाभरात, टिपण करावं. दोन दिवसांनी आठवतो तो आपला अर्थ, त्यांचे शब्द आठवत नाहीत. साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: नाव, कुणामुळे ओळख, तारीख, त्यांचे दोन वाक्यांतले शब्द जसेच्या तसे, आपण काय करू म्हणालो, पुढे कधी लिहायचं. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर शीट म्हणजे नुसती फोनबुक. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय करू नये. परवानगी दिली तरी माणूस सावध बोलतो, तेव्हा शक्यतो टाळावंच.

दुसरा मेल

बहुतेक विद्यार्थ्यांच्या ओळखी इथे मरतात. आभाराचा मेल त्याच दिवशी जातो, त्यात ‘खूप शिकायला मिळालं’ असतं, आणि नंतर वर्षभर शांतता. मग एकदम मागणी येते, नोकरीसाठी शिफारस किंवा कुणाची तरी ओळख. समोरच्याला तोवर नावही आठवत नाही.

ओळख पक्की होते ती तीन-चार आठवड्यांनी पाठवलेल्या दुसऱ्या मेलने. त्यात काहीही मागायचं नसतं. ‘तुम्ही मधल्या दिवसांतल्या फोनबद्दल बोललात. आम्ही पट्टा बाजूला ठेवला आणि सहा रुग्णांना दोन आठवडे रोज एक मेसेज पाठवला. चौघांनी व्यायाम चालू ठेवले, दोघांनी तिसऱ्या दिवशीच मेसेज बंद करायला सांगितलं. आता त्या दोघांचं कारण शोधतोय.’ बस. सल्ला देणाऱ्यांना आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे जवळजवळ कधीच कळत नाही. जो कळवतो तो लक्षात राहतो. सल्ला चुकला असेल तरीही कळवावं, न चिडता. ‘तुम्ही म्हणालात तसं करून बघितलं, या या कारणाने जमलं नाही’ हे वाचून माणूस नव्याने डोकं घालतो. सल्ला पाळलाच नसेल तर का नाही, ते एका वाक्यात लिहावं.

यापुढे दर दोन-तीन महिन्यांनी पाच ओळींची खबरबात पुरते. दहा-बारा जण झाले की सगळ्यांना एकच मजकूर पाठवता येतो, पण प्रत्येकाला वेगळा, पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा बेताने. दर वेळी वरच्या ओळीत त्या एका माणसापुरतं काहीतरी लिहावं. देण्यासारखं आपल्याकडे काय असणार, असं विद्यार्थ्यांना वाटतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळणारा एखादा शोधनिबंध त्यांना बाहेर सहज मिळत नाही, त्याचं एका पानाचं सार चालतं. इंटर्न हवा असेल तर वर्गातला चांगला मुलगा सुचवता येतो. त्यांचं ॲप वापरून सापडलेल्या तीन अडचणी स्क्रीनशॉटसह पाठवता येतात, एरवी अशा तपासणीसाठी ते पैसे मोजतात.

ओळख करून देणं आणि घेणं

तिसऱ्याच्या मार्फत ओळख हवी असेल तर कष्ट आपण घ्यायचे. मध्यस्थाला जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा वेगळा मेल लिहून द्यावा: आपण कोण, कुणाशी बोलायचंय, नेमका प्रश्न काय, किती वेळ हवा. मध्यस्थाने वर ‘ही मुलं मेहनती आहेत, बोलशील का?’ एवढंच लिहायचं राहतं. समोरच्याने हो म्हटल्यावरच दोघांना एका मेलमध्ये जोडायचं असतं. न विचारता जोडलं की नकाराचं ओझं त्याच्यावर पडतं आणि राग मध्यस्थावर निघतो. जोडणारा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्यावं, मध्यस्थाचे आभार मानून त्याचा पत्ता बीसीसीत (छुप्या प्रतीत) टाकावा, म्हणजे पुढच्या वेळा ठरवण्याच्या दहा मेलांचा त्याला त्रास होत नाही. बोलणं झाल्यावर त्याला एक ओळ कळवायची. हे ज्याच्याकडून चुकतं त्याला दुसरी ओळख मिळत नाही, आणि का मिळत नाही हे त्याला कुणी सांगतही नाही.

मध्यस्थ त्या माणसाला किती ओळखतो हे आधी विचारावं. लिंक्डइनवर जोडलेले असणं म्हणजे ओळख नव्हे. लेचीपेची शिफारस येण्यापेक्षा थेट मेल बरा.

कार्यक्रमांना जायचं असेल तर

थोडक्यात: वीस मिनिटं लवकर जावं, कारण तेव्हा चार-पाचच जण असतात आणि त्यांनाही बोलायला कुणी नसतं. नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसायला मिळालं तर उत्तमच, प्रत्येकाला नावाने हाक मारायचं कारण मिळतं. भाषणानंतर वक्त्याभोवती पडणाऱ्या गराड्यात घुसण्यात अर्थ नाही. प्रश्नोत्तरांत नाव सांगून एक छोटा, नेमका प्रश्न विचारावा आणि रात्री मेल करावा, ‘अमुक प्रश्न विचारणारा मी’. दोन-तीन माणसांशी नीट बोलणं झालं की निघायला हरकत नाही. बोलणं संपवताही यायला हवं: ‘तुम्हाला आणखी लोकांना भेटायचं असेल, मी उद्या तो दुवा पाठवतो’ असं म्हणून मोकळं व्हावं आणि दुवा खरोखर पाठवावा.

एकदाच होणाऱ्या भव्य परिषदेपेक्षा तीच तीच माणसं पुन्हा भेटतात असा छोटा गट कधीही सरस. घरी संगणक बनवणाऱ्या हौशी लोकांच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात भरली. पुढे ॲपलचे सहसंस्थापक झालेले स्टीव्ह वॉझ्नियाक तिथे होते, आणि पुढे आपल्या मशीनचे आराखडे ते त्याच मंडळींना वाटत असत. तिथे येणारे एकमेकांना काहीतरी बनवलेलं दाखवायला येत. व्हिजिटिंग कार्ड वाटून तसा गट तयार होत नाही.

भागीदार शोधताना

ओळखींतून सगळ्यात महागाचा निर्णय निघतो तो हा. गूगलचे लॅरी पेज स्टॅनफर्ड विद्यापीठ बघायला आले तेव्हा त्यांना कॅम्पस दाखवायचं काम सर्गेई ब्रिन यांच्याकडे होतं. ते १९९५ साल, आणि गूगल कंपनी स्थापन झाली १९९८ मध्ये. मधला बराच काळ एकत्र कामात गेला. विद्यार्थी मात्र हॅकेथॉनच्या एका रात्रीत भागीदार ठरवून मोकळे होतात. आधी एखादा छोटा, चार-सहा आठवड्यांचा प्रकल्प सोबत पुरा करावा. परीक्षेच्या काळात कोण गायब होतं, वाईट बातमी कोण लपवतं, हे त्यात कळतं. पदवीनंतर कोण नोकरी धरणार, घरून पैसे पाठवायची जबाबदारी कुणावर आहे, आठवड्याला किती तास देता येतील, हे अवघड प्रश्न मैत्री आहे म्हणून टाळू नयेत. हिस्सा ठरवताना तो चार वर्षांत हळूहळू मिळेल आणि पहिल्या वर्षाआधी सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, ही स्टार्टअपमधली रूढ पद्धत दोन मित्रांतही लावावी. ती नसली की दुसऱ्या सेमिस्टरला निघून गेलेला मित्र कागदावर निम्म्या कंपनीचा मालक राहतो आणि पुढचा गुंतवणूकदार ते बघून मागे फिरतो. मित्रांत योग्य कुणी नसेल तर वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये सुरू केलेली को-फाउंडर जुळवणारी फुकट सोय आहे. तिथेही आधी प्रकल्प, मग कागद.

कागदावरून आठवलं. कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या पैशाने किंवा प्राध्यापकाच्या प्रकल्पात बनलेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा, याचा नियम बहुतेक विद्यापीठांत लिहिलेला असतो. तो कुणाला नमुना दाखवायच्या आधी वाचावा. पेटंट घ्यायचा विचार असेल तर खुल्या सभेत सगळं उघड करण्याआधी विचारून घ्यावं, कारण अनेक देशांत आधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. आणि दोन फोनांनंतर ‘सल्लागार’ होण्यासाठी हिस्सा मागणारा, किंवा गुंतवणूकदारांशी गाठ घालून देण्याचे पैसे आगाऊ मागणारा भेटला तर नम्रपणे नको म्हणावं. ज्यांच्या ओळखी खऱ्या असतात ते तशी फी लावत नाहीत.

‘मी विद्यार्थी आहे’ या तीन शब्दांना मुदत असते. तेच वाक्य ‘मी नुकताच पदवीधर झालो’ असं झालं की समोरच्याला नोकरीचा अर्ज दिसू लागतो. म्हणून बाहेरच्या लोकांना लिहायचं काम शेवटच्या वर्षावर ढकलू नये. पदवीनंतर कॉलेजचा मेल आयडी बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांत बंद होतो आणि त्यातला सगळा पत्रव्यवहार जातो, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच स्प्रेडशीट, पत्ते आणि जुने मेल स्वतःच्या खात्यात उतरवून घ्यावेत. त्याच सुमारास सगळ्यांना नवा पत्ता कळवणारा मेल पाठवावा. वर्षभर न बोललेल्यांना लिहायला तेवढं निमित्त पुरतं. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं न बोललेल्या ओळखींकडे सल्ल्यासाठी पाठवलं होतं, आणि तो सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याइतकाच कामाचा निघाला, शिवाय जास्त नवा. मागे राहणाऱ्या ज्युनियरला यादी द्यायची असेल तर आख्खी शीट देऊ नये. ज्यांना विचारून होकार घेतलाय, तेवढीच नावं द्यावीत.